चढ शिकवला, उतार राहिला
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘पन्नाशीतला छंद’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. १९८५च्या दहावीत खेळाच्या तासाला पोटदुखीचं निमित्त काढणारा मुलगा मीच, हे पी.टी.च्या सरांना आठवत असेल. नसेल तर बरंच. तोच मी आता दर रविवारी पहाटे पुण्याभोवतीचे घाट सायकलवर चढतो.

सुरुवात कात्रजच्या जुन्या घाटाने केली. चढ तसा सौम्य, आणि वर बोगदा दिसला की पोचलो. पहिल्या दिवशी मात्र निम्म्यात उतरून सायकल ढकलली. चूक घाईची होती. पायथ्याशी दम ताजा असतो, म्हणून माणूस जोरात सुटतो आणि दुसऱ्या किलोमीटरला संपतो. मग एक नियम ठेवला : शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. नुसतं ‘हं हं’ निघायला लागलं की गिअर हलका करायचा. पुढे लहान चकती, मागे सगळ्यात मोठी, आणि पायांचे फेरे मिनिटाला ७०च्या आसपास. कात्रज जमल्यावर दिवे घाट, जिथून खाली मस्तानी तलाव दिसतो. मग बोपदेव. तो लहान, पण उभा. एकाच सकाळी दोन-तीनदा वर-खाली केलं की पाय तयार होतात. सिंहगड सगळ्यात शेवटी. तिथे माझा वेग ताशी ७-८ किलोमीटर. कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात.

हे सगळं मी आपल्या वर्गातल्या एका मित्राला शिकवलं. नाव सांगत नाही, तो दुसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता खाली बघतोय. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे आला. चार महिन्यांत बोपदेव न थांबता चढला. वर आम्ही चहा घेतला, फोटो काढला, आणि उतरताना मी ओरडलो, “अरे, सोड ब्रेक, काही होत नाही!”

तिसऱ्या वळणावर बारीक खडी होती. त्याने वळणातच पुढचा ब्रेक करकचून दाबला. गळपट्टीचं हाड मोडलं. प्लेट टाकावी लागली. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

चार महिने मी त्याला फक्त चढच शिकवला होता, कारण बढाई चढाची मारता येते. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, दोन्ही मिळून. वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि वजन त्याच्यावर. नजर खड्ड्याकडे नाही, जिथे जायचंय तिथे. सारखा ब्रेक धरून ठेवला तर रिम तापते. पहिल्या पावसात रस्ता तेलकट असतो. ही पाच वाक्यं. चहाच्या एका कपात सांगून झाली असती. मला ती माहीत होती.

मी त्याला इस्पितळात भेटायला गेलो, मोसंबी घेऊन गेलो, ट्रॅफिकवर आणि क्रिकेटवर बोललो. पण ‘माझं चुकलं’ एवढं काही तोंडातून निघालं नाही. आज दोन वर्षं झाली. आपल्या मराठीच्या बाई इथे आहेत, त्यांच्यासमोर म्हणतो : मित्रा, माझं चुकलं.

तो पुन्हा सायकल चालवतोय. पावसाळा संपेपर्यंत आम्ही कात्रजच्या पुढे जात नाही. चढावर मी पुढे असतो. उतारावर तो पुढे, त्याच्या वेगाने, आणि मी मागे तोंड बंद ठेवून.

परवाच्या रविवारी साडेपाचला स्वारगेटहून निघतोय. कुणाला यायचं असेल तर हेल्मेट आणा. चहा वहिनींकडे आहे, त्यांनी स्वतः बोलावलंय.