घोड्याच्या वाटणीचा खर्च



1956 सालचं ऑलिम्पिक मेलबर्नला झालं, पण त्यातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा त्याआधीच, जून महिन्यात, स्टॉकहोमला उरकल्या होत्या. ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम इतके कडक होते की परदेशी घोड्यांना तिथे सहा महिने अडकून पडावं लागलं असतं. ऑलिम्पिकसाठीही ते नियम शिथिल झाले नाहीत. एका खेळापायी दुसरा देश, दुसरं मैदान, दुसरं उद्घाटन! 2008 मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. बीजिंगमध्ये घोड्यांसाठी रोगमुक्त क्षेत्राची खात्री देता येईना, म्हणून स्पर्धा हाँगकाँगला गेल्या. तिथे शा टिनच्या रेसकोर्सच्या परिसरात वातानुकूलित तबेले सज्ज केले आणि उकाडा टाळण्यासाठी स्पर्धा सकाळी नाहीतर रात्री घेतल्या.

घोडा धडधाकट यावा आणि धडधाकट परत जावा, या खेळाच्या आयोजकाचा मोठा खर्च त्यासाठीच असतो. मांडव, करंडक, रोषणाई हे त्यानंतरचं. आणि पैसे कमी पडले की कात्री नेमकी घोड्याच्या वाटणीच्या खर्चाला लागते, ही माझी तक्रार आहे. आज तीच मांडायला मी इथे उभा आहे.

इव्हेंटिंग हा प्रकार घ्या. त्यात तीन कसोट्या असतात : ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या ठरावीक हालचालींचं सादरीकरण, क्रॉस कंट्री आणि शो जम्पिंग. आयोजकाचं कंबरडं मोडते ती मधली. सर्वोच्च पातळीवर घोडा सहा किलोमीटरच्या आसपास अंतर मिनिटाला 570 मीटर या वेगाने तोडतो. वाटेत ओंडके, चर, पाण्याची डबकी. शो जम्पिंगची दांडी पाय लागताच पडते, क्रॉस कंट्रीचे अडथळे मात्र भक्कम रोवलेले असतात. घोड्याचा पुढचा पाय अडकला तर तो कोलांटी खाऊन थेट स्वाराच्या अंगावर येऊ शकतो. 1999 या एका वर्षात ब्रिटनमध्ये पाच स्वारांचा जीव गेला.

त्यानंतर ओंडक्याला धातूची खीळ लावायची पद्धत आली. ओंडका त्या खिळीच्या आधाराने उभा राहतो. ठरावीक जोराचा दणका बसला की खीळ मोडते, ओंडका खाली येतो आणि घोड्याला सावरायला वाव मिळतो. मोडलेली खीळ काढून पुढचा घोडा येण्याआधी नवी बसवावी लागते, म्हणजे हत्यारं घेतलेली माणसं मैदानभर तयार हवीत. एका बोटाएवढ्या वस्तूमागे केवढी यंत्रणा उभी असते ते बघा. प्रेक्षकाला ती दिसतही नाही, पण स्वाराच्या घरच्यांना तिचं मोल विचारा.

शिवाय प्रत्येक अडथळ्यावर पंच, त्यांच्याकडे वायरलेस, डॉक्टर, पशुवैद्य, नालबंद, उतरती फळी असलेली घोड्याची रुग्णवाहिका, आणि जखमी घोड्याभोवती पडदा धरणारी माणसं. स्पर्धेआधी आणि शेवटच्या दिवशी सकाळी घोड्यांना कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून तपासतात. पाऊल जरा आखडतंय असं वाटलं तर घोडा बाद! एवढी तयारी करूनही पावसापुढे इलाज नसतो. इंग्लंडमधल्या बॅडमिंटन गावची इव्हेंटिंगची स्पर्धा 1949 पासूनची, पण 2012 मध्ये मैदानात पाणी साचल्यामुळे ती रद्द करावी लागली. तोवर आयोजकाचे बरेचसे पैसे खर्च होऊन गेलेले असतात.

आता आपल्याकडे या. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीत तीन सुवर्णपदकं घेतली. पुढचं सुवर्ण मिळायला 2023 उजाडलं. हांगझोऊला ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात ते मिळालं आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. पण या मुलांची तयारी युरोपात झाली. भारतातला घोडा बाहेर न्यायचा तर रोगमुक्तीचे दाखले आणि विलगीकरण आडवं येतं. 2025 मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रातल्या विभागाला रोगमुक्त म्हणून मान्यता दिली, ही या वाटेवरची मोठी गोष्ट आहे. पदकाच्या बातमीइतकी जागा तिला मिळायला हवी होती.

घोड्याच्या रोगाकडे दुर्लक्ष महागात पडतं, हा धडा महाराष्ट्रानेही घेतलेला आहे. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांत ग्लँडर्स आढळला. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला मारण्यावाचून गत्यंतर नसतं. पर्यटकांना घोड्यावर फिरवून पोट भरणाऱ्या माणसाचा घोडा गेला म्हणजे घरची चूलच गेली. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेला दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात, शर्यती होतात, सौदे होतात. इतके घोडे एकत्र येतात तिथे रक्ततपासणी हा उपचार म्हणून उरकायचा विषय नाही.

तुमच्यापैकी काही जण गावोगावी अश्वस्पर्धा भरवतात, काही जण वर्गणी देतात. तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. अंदाजपत्रकात रक्ततपासणी, पशुवैद्य, मैदानाची डागडुजी आणि घोड्याची रुग्णवाहिका या चार रकमा आधी लिहा, बक्षिसाचा आकडा उरलेल्या पैशांतून ठरवा. वर्गणीदारांनीही पावती घेण्याआधी या चार रकमा विचाराव्यात. त्या जमत नसतील, तर त्या वर्षी स्पर्धा भरवू नये.