मानसिक आरोग्य : जिल्ह्याचा अंदाज कसा बांधावा?



एखाद्या जिल्ह्यात मानसिक विकारांनी ग्रस्त असलेले लोक किती, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाही. तेथे उपचारांसाठी आलेल्यांचीच मोजदाद होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे सामान्य मानसिक विकार असलेल्या दर १०० व्यक्तींपैकी सुमारे ८५ व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. नोंदवहीवरून गरज ठरविल्यास, जेथे सेवाच नाही तेथे गरजही नाही, असा विपरीत निष्कर्ष निघतो.

म्हणूनच घरोघरी जाऊन केलेल्या नमुना सर्वेक्षणाला महत्त्व आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांतील ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखतींवरून हे सर्वेक्षण केले. तंबाखूचे व्यसन वगळता १०.६ टक्के प्रौढांमध्ये त्या वेळी मानसिक विकार आढळला. मात्र ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ९.६, तर महानगरांत १४.७ टक्के होते. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

आता १० लाख प्रौढ असलेला एक पूर्णतः ग्रामीण जिल्हा कल्पनेत आणा. राष्ट्रीय सरासरी लावल्यास रुग्णसंख्या १,०६,००० येते; ग्रामीण प्रमाण लावल्यास ९६,०००. फरक १०,००० व्यक्तींचा! डॉक्टरांची पदे, समुपदेशक आणि औषधांचा साठा या आकड्यावर अवलंबून असल्याने हा फरक केवळ गणिताचा राहत नाही.

म्हणून स्थानिक अंदाज बांधताना वय, लिंग, वस्तीचे स्वरूप व आर्थिक स्थिती यांनुसार लोकसंख्येचे गट पाडावेत, प्रत्येक गटाला त्याचे प्रमाण लावावे आणि बेरीज करावी. ही बेरीजही अंतिम नव्हे. लोकलज्जेमुळे अनेक जण मुलाखतीतही त्रास सांगत नाहीत. दुष्काळ, स्थलांतर, व्यसनाधीनता यांचा प्रभाव गावोगाव निराळा असतो. त्यामुळे एकच आकडा न देता किमान व कमाल मर्यादा द्यावी आणि छोट्या स्थानिक पाहणीने ती पडताळावी.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा हा नियोजनाचा घटक मानला. नियोजनाचा घटक जिल्हा असेल, तर मोजमापही जिल्ह्याचेच हवे. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.