परत आलेल्या 'मित्रां'वरचे विष



काचेच्या कपाटांत पिसे, कातडी, लोकर शंभर-शंभर वर्षे टिकते कशी, असे लोक आम्हां संग्रहालयवाल्यांना विचारतात. उत्तर फारसे अभिमानाचे नाही. विष घालून! एकोणिसाव्या शतकात कसरीपासून बचाव म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि पाऱ्याचे क्षार चोळत. पुढे डीडीटी आले. कशाला काय लावले याची नोंद क्वचितच ठेवली गेली. वस्तू कपाटातच राहणार, असा सगळ्यांचा हिशेब.

अमेरिकेत तो चुकला. १९९० च्या कायद्याने तिथल्या संग्रहालयांना मूलनिवासींच्या पवित्र वस्तू परत देणे भाग पडले. ॲरिझोनातल्या होपी लोकांकडे त्यांचे 'मित्र' परतले. आपण त्यांना मुखवटे म्हणू. होपींना तो शब्द रुचत नाही, त्यांच्या लेखी ते सजीव आहेत. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीला कोणी 'मातीची वस्तू' म्हटले तर आपल्याला तरी कुठे आवडेल? हे मित्र नृत्याच्या वेळी डोक्यावर चढतात, घामाने भिजतात, नाकातोंडाशी असतात. काही वापरातही आले होते, आणि मग तपासणीत आर्सेनिक निघाले.

धुऊन का टाकत नाहीत? पाण्याने रंग जातो, पिसे बिघडतात. मऊ कुंचला आणि बारीक गाळणीचा व्हॅक्यूम यांनी वरची धूळ निघते. कातड्यात मुरलेले तसेच राहते. जर्मनीत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरून पाहिला. डीडीटी त्यात विरघळते, सोमल मात्र बधत नाही. ते मूलद्रव्यच, कितीही वर्षे गेली तरी नाहीसे होत नाही. हातात धरायचे क्ष-किरण यंत्र मिनिटांत आर्सेनिक आणि पारा दाखवते, पण डीडीटीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. म्हणून 'पूर्ण निर्विष' असा दाखला कोणी देऊ लागला, तर आम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. वस्तू परत देण्याआधी तपासणी संग्रहालयाने करावी, खर्चही त्यानेच सोसावा. आणि सफाई कशी करायची, करायची की नाही, हे ज्यांची वस्तू त्यांना विचारावे. आमच्या लेखी जे द्रावण, ते त्यांच्या लेखी एका जिवावर ओतलेले रसायन असू शकते.

आपल्यापैकी कोणाच्या जुन्या वाड्यात पेंढा भरलेला वाघ किंवा सांबराचे डोके असेलच. अशा कातड्यांना आतून सोमलाचा साबण लावण्याची पद्धत होती. तेव्हा त्यावर झाडू फिरवू नका, पोरांना पाठीवर बसवून फोटो काढू नका. हलवायचेच असेल तर हातमोजे आणि मास्क घाला, नंतर हात साबणाने धुवा. पैठणीच्या घडीत मात्र आजीसारखे वेखंड ठेवायला आमची काहीच हरकत नाही.