शिळें नव्हे, राखून ठेवलेलें



पहाटे पांच वाजतां शहरांतील कितीतरी स्वयंपाकघरांत दिवा लागतो. घर अजून निजलेलें असतें. जागी असते ती एकच व्यक्ति. सातच्या आंत तिला तीन-चार डबे भरावयाचे असतात. घरच्या डब्याचें कौतुक आपण सगळेच करतों. पण त्याची खरी किंमत त्या व्यक्तीच्या झोपेंतून वसूल होत असते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आजचा माझा विषय वरवर पाहतां क्षुल्लक आहे: भाजलेलीं सँडविचें रविवारीं करून, गोठवून ठेवावीं आणि आठवडाभर डब्याला न्यावीं. परंतु त्याचा संबंध ह्या झोपेशीं आहे, म्हणून तो मीं मुद्दाम निवडला.

आमच्या घरीं सुनेनें ही कल्पना मांडली, तेव्हां सर्वांत मोठा विरोध माझाच होता. "शिळें अन्न माझ्या नातवाच्या डब्यांत जावयाचें नाहीं," असें मीं बजावलें. ती उलट बोलली नाहीं. एवढेंच म्हणाली, "बाबा, एक आठवडा पहाटे माझ्याबरोबर उठा, मग तुम्ही म्हणाल तसें करूं." मी उठूं लागलों. चौथ्या दिवशीं माझें मत बदललें.

मत बदललें तरी शंका उरली होती, ती मीं वाचून फेडून घेतली. शिळें म्हणजे काय? अन्न नासतें तें घड्याळाच्या कांट्यानें नव्हे, सूक्ष्म जंतूंच्या वाढीनें. ह्या वाढीला ऊब लागते आणि पाणी लागतें. आपल्या आजी-पणजींनीं पापड, कुरडया आणि सांडगे उन्हांत वाळविले, तेव्हां त्यांनीं पाणी काढून घेतलें. फ्रीझर ऊबही काढून घेतो आणि पाण्याचा बर्फ करून तें जंतूंना दुर्मिळ करतो. श्रावणांतल्या शीतळासप्तमीला कित्येक घरीं चूल न पेटवितां आदल्या दिवशीं शिजविलेलें अन्न खातात. तेव्हां कालचें अन्न म्हणजे टाकाऊ अन्न, असा नियम आपल्या परंपरेनेंही केलेला नाहीं. मात्र एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी: उणें अठरा अंशांची थंडी जंतूंना निजविते, मारीत नाहीं. आंत ठेवतांना पदार्थ जितका स्वच्छ असेल, तितकाच तो बाहेर निघेल.

गोठविण्याच्या कलेचा इतिहासही उद्बोधक आहे. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय नांवाचा अमेरिकन गृहस्थ १९१२ सालीं लॅब्राडोर ह्या अतिशीत प्रदेशांत गेला. तेथील इन्युइट लोकांनीं पकडलेले मासे कडक थंडींत पाहतां पाहतां गोठत, आणि महिन्यांनंतर शिजविले तरी ताज्यासारखे लागत. सावकाश गोठणाऱ्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात व पदार्थाच्या पेशी फोडतात. झटपट गोठणाऱ्याचे स्फटिक बारीक राहतात, हें त्यामागचें मर्म होतें. पुढें त्यानें शीघ्र गोठविण्याचीं यंत्रें बनविलीं, आणि १९३० सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गांवीं त्याचे गोठविलेले पदार्थ दुकानांत विक्रीस आले.

ह्याच तत्त्वावरून सँडविचमध्यें काय घालावें व काय टाळावें हें कळतें. काकडी, टमाटा आणि कच्चा कांदा ह्यांत पाणी फार. गोठून वितळले कीं ते गळतात आणि पाव भिजवितात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. उलट कुसकरलेला बटाटा, वाटाणे, किसलेलें चीज व कोरडें परतलेलें पनीर हीं चांगलीं टिकतात.

आतां कृति सांगतों. आठ सँडविचांना पावाच्या सोळा चकत्या आणि अर्धा किलो बटाटे घ्यावे. बटाटे उकडून, गुठळी न ठेवतां कुसकरावे. बटाट्याची फोड तशीच राहिली तर गोठून भुसभुशीत होते. हिंग-हळदीच्या फोडणींत आलें-मिरची परतून त्यांत वाटीभर वाफविलेले वाटाणे, बटाटे, मीठ, कोथिंबीर आणि लिंबाचा रस घालावा. हें सारण परातींत पसरून पूर्ण निवूं द्यावें. गरम सारण भरलें तर त्याच्या वाफेचें पाणी होतें, पाण्याचा बर्फ होतो, आणि त्या बर्फाचा पुढें चिखल होतो. चकत्यांना आंतल्या बाजूनें कडेपर्यंत लोणी लावावें. हा थर सारणाचा ओलावा पावांत उतरूं देत नाहीं. चटणी घालावयाची तर घट्ट वाटून सारणांतच मिसळावी.

भरलेलें सँडविच तव्यावर किंवा चिमट्यांत फिकट बदामी होईपर्यंतच भाजावें. उरलेलें भाजणें खाण्याच्या दिवसाकरितां राखावें. मग मधोमध कापून जाळीवर निववावें. ताटलींत एकमेकांना न चिकटतील असे ठेवून दोन तास फ्रीझरमध्यें कडक करावे, आणि मग एकेक तुकडा लोणी-कागदांत गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवींत भरावा. हवा लागली कीं बर्फ परस्पर उडून जातो व पाव चामड्यासारखा होतो. पिशवीवर तारीख लिहावी आणि महिन्याच्या आंत संपवावें. सारण शिजल्यापासून सँडविच फ्रीझरमध्यें जाईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जाऊं देऊं नये.

पुष्कळ लोक हीं सँडविचें फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत ठेवतात. तसें करूं नये. पावांतील पिष्ट फ्रीजच्या साध्या थंडीवर बाहेरच्यापेक्षांही लवकर कडक होतें. गोठणबिंदूच्या पुष्कळ खालीं मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते.

सकाळीं सँडविच गोठलेलेंच तव्यावर ठेवावें. आंच मंद, वर झांकण, प्रत्येक बाजू चार-पांच मिनिटें. एक मोडून पाहावें. मधून वाफ निघाली तरच तें झालें. कचेरींत गरम करण्याची सोय असेल तर तें गोठलेलेंच, थंडी राखणाऱ्या पिशवींत न्यावें व तेथें वाफ येईतों तापवावें. मुलांच्या डब्यासाठीं घरींच पुरतें तापवावें, किंचित् निववून मग झांकण लावावें. मात्र मधली सुट्टी दोन तासांच्या आंत असेल तरच. एकदां वितळलेलें सँडविच पुन्हां गोठवूं नये.

शेवटीं विजेविषयीं. आपण बाहेरगांवीं असतां वीज किती वेळ गेली होती, हें कसें ओळखावें? पेलाभर पाणी फ्रीझरमध्यें गोठवून त्या बर्फावर एक नाणें ठेवावें. परत आल्यावर नाणें वरच असेल तर चिंता नाहीं. तें तळाशीं गेलें असेल तर बर्फ वितळून पुन्हां गोठला, असें समजावें आणि सर्व सँडविचें निःसंकोच टाकून द्यावीं. माझ्या नातवाला ही युक्ति इतकी आवडली कीं तो रोज नाणें तपासतो.

आतां रविवारीं दहा वाजतां आमच्या घरीं बटाटे कुसकरण्याचें काम माझ्याकडे असतें. नातू लोणी लावतो, मुलगा भाजतो, सून कापते आणि गुंडाळते. पहाटे पांचचें काम एकटीचें होतें, कारण त्या वेळीं दुसरें कोणी उठतच नव्हतें. रविवारीं दहाच्या कामाला सगळेच जागे असतात. रोज सँडविच खावें असें मी म्हणत नाहीं. पोळीभाजीची जागा पोळीभाजीचीच. पण आठवड्यांतून दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरांतला दिवा आतां सव्वासहाला लागतो. श्रोतेहो, आपल्या घरीं तो किती वाजतां लागतो, आणि कोण लावतें, एवढें उद्यां पहाटे उठून अवश्य पाहावें.