विजेच्या मोटारींची शर्यत आणि मुंबईचा एक संघ

भिवंडीजवळून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढें कसारा घाट चढून इगतपुरीस आणि तेथून नाशिकास जातो. मागांवरचें कापड आणि गुदामांतील माल वाहणारी, तीच भिवंडीची मोटार. ती किती वेगानें धांवते यापेक्षां किती तेल पिते, याचीच येथें अधिक चौकशी. त्याच रस्त्यावर इगतपुरीस महिंद्रा कंपनीचा इंजिनांचा व नाशिकास मोटारींचा कारखाना आहे. 1945 सालीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्रा बंधु आणि गुलाम महंमद यांनीं ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 सालीं कंपनीस आजचें नांव मिळालें. जीप, ट्रॅक्टर आणि मालगाड्या यांवर वाढलेल्या या मुंबईच्या कंपनीनें जागतिक शर्यतींत उतरावें, हें प्रथम विसंगत वाटतें. विजेच्या मोटारींच्या शर्यतीचें स्वरूप पाहिलें म्हणजे मात्र ही विसंगति बरीच कमी होते.

तिचा पहिला प्रयोग दुचाकींचा होता. 2011 मध्यें ती लहान दुचाकींच्या जागतिक शर्यतींत उतरली. पांच वर्षांनीं, जून 2016 मध्यें, हॉलंडांतील आसेन येथें फ्रांचेस्को बान्याया या तरुण इटालियन स्वारानें तिला पहिला विजय मिळवून दिला. परंतु 2017 सालानंतर कंपनीनें तें क्षेत्र सोडलें. आणि 2022 सालीं बान्याया सर्वांत वरच्या वर्गांत जगज्जेता झाला, तो दुसऱ्यांच्या दुचाकीवर!

विजेच्या मोटारींची फॉर्म्युला ई ही शर्यतमालिका ता. 13 सप्टेंबर 2014 रोजीं बीजिंग येथें सुरू झाली. महिंद्रांचे दोन चालक होते मद्रासचा करुण चंढोक आणि प्रख्यात आयर्टन सेन्ना याचा भाचा ब्रूनो सेन्ना. त्या पहिल्याच शर्यतींत चंढोक पांचवा आला. तो एकच हंगाम या संघांत राहिला.

या शर्यतींत वेगाइतकीच काटकसर महत्त्वाची असते. बॅटरींत वीज मोजकी. सर्व अंतर पूर्ण वेगानें तोडूं म्हणणारा वाटेंतच थांबेल. म्हणून वळण येण्यापूर्वींच चालक पाय उचलतो आणि गाडी आपल्या गतीनें जाऊं देतो. वेग कमी होतांना मोटरच जनित्राचें काम करून कांहीं वीज परत भरते. पहिल्या चार हंगामांत तर एक बॅटरी पुरतच नसे. चालक अर्ध्या शर्यतींत एका गाडींतून उतरून धांवत दुसरींत बसे!

या संघाचा पहिला विजय ता. 10 जून 2017 रोजीं बर्लिन येथें स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टनें मिळविला. जर्मनीचा निक हायडफेल्ड तिसरा आला. दुसऱ्या दिवशींही रोझेनक्विस्टच सर्वांपुढें होता. परंतु गाडी बदलून निघतांना त्यास धोकादायक रीतीनें सोडल्याबद्दल दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय स्विस चालक ब्यूएमी याच्याकडे गेला. पुढें जानेवारी 2018 मध्यें मराकेश येथें रोझेनक्विस्टनें याच ब्यूएमीस अखेरच्या फेऱ्यांत मागें टाकून त्याची भरपाई केली.

राहिलेले तीन विजय मात्र मोठे चमत्कारिक आहेत. डिसेंबर 2017 मध्यें हाँगकाँग येथें आघाडीवरील एदोआर्दो मोर्तारा याची गाडी शेवटीं शेवटीं गरकन फिरली. त्याच्या जागीं जिंकलेला डॅनियल आब्ट गाडीच्या भागांवरील खुणा कागदपत्रांशीं न जुळल्यानें बाद ठरला, आणि विजय रोझेनक्विस्टला मिळाला. जानेवारी 2019 मध्यें मराकेश येथें पहिले दोघे, दा कोस्टा आणि अलेक्झांडर सिम्स, एकाच संघाचे असून एकमेकांच्या आड आले. बेल्जियमचा ज्येरोम दांब्रोझिओ पुढें निघून गेला. जुलै 2021 मध्यें लंडन येथें ऑलिव्हर रोलंडची गाडी आघाडीच्या गाडीवर आदळली. लुकास दी ग्रासीनें दुरुस्तीच्या गल्लींतून गाडी काढून पुढचें स्थान पटकाविलें. पण तेथें नियमाप्रमाणें पूर्ण न थांबल्यामुळें तो दंडास पात्र ठरला, तो दंड न भोगल्यामुळें बाद झाला, आणि ॲलेक्स लिनचा विजय झाला. दुसरा आला निक द व्रीस.

यास केवळ दैव म्हणणें न्यायाचें नव्हे. दुसऱ्याच्या चुकीचा लाभ घेण्यास त्याच्या पाठोपाठ असावें लागतें, आणि तेंही बॅटरींत वीज शिल्लक राखून. खरें नवल पुढेंच आहे. सिम्स, रोलंड, दी ग्रासी, मोर्तारा आणि द व्रीस, ज्यांच्या चुकांवर वा ज्यांच्यापुढें राहून हे तीन विजय झाले ते पांचही जण, पुढें एकामागून एक याच संघाचे चालक झाले! शर्यतींत चालक करारानें येतो आणि करार संपतांच जातो. गाडीवरचें नांव तेवढें राहतें.

तें नांव भारतीय. परंतु संघाचें ठाणें इंग्लंडांत, आणि चंढोकनंतर नियमित चालकांत भारतीय एकही नाहीं. ता. 11 फेब्रुवारी 2023 रोजीं हैदराबाद येथें ही शर्यत प्रथमच भारतांत झाली, तेव्हां हें विशेष जाणवलें. मैदानांतील 22 गाड्यांपैकीं एकीवरही भारतीय चालक नव्हता. महिंद्रांचा रोलंड सहावा आला. कंपनीची गाडी आपल्या लोकांपुढें पळाली याचा आनंद खराच. पण गाडी करणारे हात जर नाशिक-इगतपुरीस तयार होतात, तर ती चालविणारे कां होऊं नयेत, हा प्रश्न कंपनीनें स्वतःस विचारावयास हवा.

हैदराबादनंतर दोन आठवड्यांनीं केप टाउनची शर्यत होती. तेथें गाडीच्या मागील चाकांच्या आधाराविषयीं शंका आल्यानें संघानें दोन्ही गाड्या मागें घेतल्या. महिंद्रांचीच यंत्रसामग्री वापरणारा दुसरा संघही थांबला. त्या दिवशीं ठिकठिकाणच्या प्रेक्षकांस चार गाड्या कमी दिसल्या.