रतनपूरचा धडा

छत्तीसगडमधल्या रिसालीतल्या मराठी मुलांना शेजारच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची कहाणी घरातूनच कळते: १९५५चा सोव्हिएत संघाशी झालेला करार, १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी. पण मराठी माणसं इथं कारखान्यासोबतच आली, हा समज चुकीचा आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी अठराव्या शतकातच रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. तिथल्या रामटेकरीवरचं राममंदिर त्यांनीच बांधलं. पुढे १९०० साली मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. इतिहासाच्या तासाला हे सांगायलाच हवं. मग मूल या मातीत स्वतःला उपरं समजणार नाही. पालकहो, येत्या सुट्टीत मुलांना रतनपूर दाखवाच.