आगबोटींची खातेवही
(ट्रस्टच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विसाव्या शतकाच्या आरंभी अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या प्रचंड प्रवासी आगबोटी हा माझ्या वाचनाचा आवडता विषय. त्यांतील झुंबरे, नक्षीदार जिने व भोजनदालने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मी पडलो कापडाचा व्यापारी. दुकान कितीही सजविलेले असो, गल्ला कोणत्या गिऱ्हाइकावर भरतो, हे प्रथम पाहण्याची मला सवय.

१८९७ साली जर्मनीची ‘कैसर विल्हेल्म देअर ग्रोस’ ही बोट आली आणि लवकरच वेगाचा मान इंग्रजांकडून गेला. १९०२ मध्ये अमेरिकन धनपती जे. पी. मॉर्गन यांच्या समूहाने ‘व्हाइट स्टार’ ही ब्रिटिश कंपनी घेतली. आता ‘क्यूनार्ड’ही जाईल, या धास्तीने ब्रिटिश सरकारने १९०३ मध्ये तिच्याशी करार केला. सव्वीस लाख पौंडांचे कर्ज, व्याज पावणेतीन टक्के, शिवाय दरसाल दीड लाख पौंडांचे अनुदान! असे भांडवल मिळाले तर आपणांपैकी कोण नको म्हणेल? त्यातून १९०७ मध्ये ‘लुसिटानिया’ व ‘मॉरिटानिया’ या बोटी सेवेत आल्या. मॉरिटानियाच्या वाफेच्या टर्बाइनांना दिवसाकाठी सुमारे हजार टन कोळसा लागे. १९०९ पासून वीस वर्षे वेगाचा मान तिच्याकडेच राहिला.

आता गिऱ्हाईक पाहू. मॉरिटानियावर पहिल्या वर्गाच्या जागा ५६३, दुसऱ्या वर्गाच्या ४६४ आणि तिसऱ्या वर्गाच्या १,१३८. म्हणजे निम्म्याहून अधिक उतारू तळच्या वर्गाचे. इटली, रशिया, पोलंड, आयर्लंड येथून पोटासाठी देश सोडून निघालेली ही माणसे. १९०७ या एका वर्षात सुमारे १२ लाख ८५ हजार परदेशी लोक अमेरिकेत उतरले. न्यूयॉर्क बंदरात वरच्या वर्गांची तपासणी बोटीवरच उरकत असे. तिसऱ्या वर्गाला मात्र एलिस बेटावर नेऊन रांगेत उभे करीत. तेथे नाकारलेल्या माणसाला परत नेण्याचा भार कंपनीवर पडे. म्हणून ‘हॅम्बुर्ग-अमेरिका’ कंपनीचे आल्बर्ट बॅलिन यांनी हॅम्बुर्ग येथे अशा प्रवाशांसाठी राहण्याची, जेवणाची व वैद्यकीय तपासणीची मोठी वसाहतच उभारली. हा परोपकार खराच, पण हिशेबही तितकाच पक्का होता.

या माणसांच्या जिवाचा हिशेब कसा होता, ते १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा उघड झाले. बोटीवर सुमारे २,२०० माणसे, आणि जीवरक्षक होड्यांत जागा १,१७८. कायदा मोडला होता काय? मुळीच नाही. १८९४ च्या नियमांप्रमाणे होड्यांची संख्या माणसांवरून नव्हे, जहाजाच्या टनांवरून ठरे, आणि कोष्टक ‘दहा हजार टन व अधिक’ येथेच संपत असे. टायटॅनिक तर ४६ हजार टनांची! नियमाने १६ होड्या पुरत होत्या. तिच्यावर २० होत्या. सुमारे १,५०० जीव गेले. पहिल्या वर्गातील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातील जेमतेम चौथा हिस्सा. प्रत्येक माणसामागे होडीत जागा हवी, हे तत्त्व १९१४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाले. ते मान्य व्हावयास इतके जीव का जावे लागले, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

१९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने लुसिटानिया बुडविली. अवघ्या अठरा मिनिटांत ती तळाशी गेली. परंतु या धंद्याच्या मुळावर घाव घातला तो कागदाने. १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने आपला दरवाजा लोटून घेतला. नव्या मर्यादेत वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजारांनाच प्रवेश उरला. तळचे गिऱ्हाईक आटताच वरची झुंबरे जड होऊ लागली. कंपन्यांनी तिसरा वर्ग रंगवून, नीटनेटका करून ‘टुरिस्ट’ या नव्या नावाने विद्यार्थी, शिक्षक, हौशी प्रवासी यांना विकला. पुढे मंदीत मॉरिटानियाला पांढरा रंग देऊन सहलींवरही पाठविले. १९३५ मध्ये तिच्यातील सामानाचा साउदॅम्प्टन येथे लिलाव झाला. वरच्या दालनांतील नक्षीदार लाकूडकामापैकी काही ब्रिस्टल शहरातील एका मद्यगृहाच्या भिंतींना लागले, आणि बोट स्कॉटलंडमधील रोसाइथ येथे मोडीत निघाली.